‘मुलांसाठी आलो’ म्हणणाऱ्यांनो

मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कुणीतरी माइक हातात घेऊन म्हणतंच, "आम्ही अमेरिकेत मुलांसाठी आलो." टाळ्या पडतात. मीही वाजवायचे. हल्ली नाही वाजवत.

२०१० साली आम्ही सांगलीहून न्यू जर्सीतल्या एडिसनला आलो. नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, मी आणि चार वर्षांचा मुलगा त्याच्यामागे एच-फोर या कुटुंबीयांच्या व्हिसावर. सांगलीत मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. इथे मला काम करायचीच परवानगी नव्हती. पहिल्या महिन्यात औषधांच्या दुकानातून सहा डॉलरची लिपस्टिक घेतली आणि घरी येऊन पावती नवऱ्यासमोर ठेवली. त्याने मागितली नव्हती. "हे काय?" म्हणाला बिचारा. मलाही सांगता येईना. पण पुढची पाच वर्षं मी पावत्या ठेवतच राहिले. माझी आई किराण्यातून वाचवलेल्या नोटा तूरडाळीच्या डब्यात लपवायची, मी तिला हसायचे. तो डबा मला एडिसनमध्ये कळला.

मे २०१५ मध्ये नियम बदलला. ज्यांच्या नवऱ्याचा ग्रीनकार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलाय, त्या बायकांना काम करता येऊ लागलं. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स केला, कारण त्यात नोकरी लवकर लागत होती. शिकवणं राहिलं ते राहिलंच. आता बरं चाललंय. पण कुणी "बायको काय, घरीच असते" म्हणालं की डोकं सणकतं. हा राग मी सांगलीहून आणलेला नाही.

ही मुभा जोडीदारापुरतीच, मुलांना नाही. सोळाव्या वर्षी लेकाचे मित्र सुट्टीत आइस्क्रीमच्या दुकानात कामाला लागले. हा रोज त्यांना भेटायला जायचा, काउंटरच्या अलीकडे उभा. मालक म्हणाला, "उद्यापासून तूही ये." यावर हा म्हणे, "मला असलं काम आवडत नाही." व्हिसाचं सांगायची लाज वाटली त्याला.

त्याला मनापासून आवडतो इतिहास. पण रोजगारावरच्या ग्रीनकार्डांत कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे आपल्या भारतीयांची रांग काही संपत नाही. पुढच्या वर्षी तो एकवीसचा झाला की आमच्या अर्जातून बाहेर पडणार आणि विद्यार्थी व्हिसावर जाणार. त्या व्हिसावर इतिहासाच्या पदवीनंतर काम करायला मिळतं एक वर्ष, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला वर आणखी दोन. कॉलेजचे फॉर्म भरताना हा हिशेब सतरा वर्षांच्या पोराने मला समजावला. आणि कॉम्प्युटर सायन्स घेतलं.

आलो ते चुकलं असं मी म्हणत नाही. घर झालं, सासऱ्यांचं ऑपरेशन इथल्या पगारावर निभावलं. पण खरं तेवढंच बोलूया की. आम्ही नवऱ्याच्या नोकरीसाठी आलो आणि उरलेल्या दोघांनी आपापली कामं, आवडी तिच्या मापाने कापून घेतल्या. नवऱ्यालाही हे मान्य आहे. त्यालाही नोकरी बदलायची म्हटलं की आधी वकिलाला फोन करावा लागतो.

परवा लेकाने इतिहासाची दोन जुनी पुस्तकं विकत आणली. जेवणाच्या टेबलावर माझ्यापुढे पावती ठेवली. मी मागितली नव्हती.