आणायचीच तर दिव्याच्या खांबासकट आणा

एका लेखात म्हटलंय की सध्या सुपरहिरोंची चलती आहे, तेव्हा ‘फ्रीडम फोर्स’ ही सुपरहिरोंच्या कॉम्प्युटर गेम्सची जुनी मालिका परत आणायला हीच वेळ योग्य. मला नेमकी त्याचीच धास्ती वाटते. 2002 साली इरॅशनल गेम्स या स्टुडिओने पहिला भाग काढला, त्यातली मजा 1960च्या दशकातल्या अमेरिकी कॉमिक्सच्या भाबडेपणात होती. त्यातल्या मिनिटमॅन या हिरोची छातीठोक डायलॉगबाजी, निवेदकाचा तो नाटकी आवाज! आजचा स्टुडिओ दर दोन वाक्यांमागे स्वतःचीच टिंगल करत बसेल.

आणि लढाई! स्पेसबार दाबून सगळं थांबवायचं, आपल्या माणसांना हुकूम द्यायचे, पुन्हा सोडायचं. तगडा हिरो रस्त्यावरचा दिव्याचा खांब उपटून गदेसारखा फिरवायचा, उभी गाडी उचलून भिरकावायचा. अख्खं शहरच हत्यार. 2022चा ‘मिडनाइट सन्स’ हाही सुपरहिरोंच्या लढाईचाच गेम, पण तो पत्त्यांवर चालतो, म्हणजे हातातल्या पत्त्यांतून चाल निवडायची. गेम झकास, तरी विक्रीत आपटला. त्यामुळे मोठ्या कंपन्या लगेच या वाटेला जातील असं काही वाटत नाही. एखाद्या छोट्या टीमने घेतलं तर बरंच.

फक्त स्वतःचा हिरो घडवायची सोय तेवढी काढू नका. 2005च्या दुसऱ्या भागानंतर नवं काही आलं नाही, तरी चाहत्यांनी बनवलेल्या पात्रांनी हा गेम कितीतरी वर्षं जगवला. ती सोय काढून वर हिरोंचा एकेक पोशाख पैसे घेऊन विकणार असाल, तर आमचा लांबूनच नमस्कार.