तळ्यात की मळ्यात? काठावरच्या मतदारासाठी काही सूचना

मत कोणाला द्यायचं हे अजून ठरलं नसेल तर अभिनंदन. पण एकदम जाहीर करू नका, हळूहळू कळू द्या. ज्याचं ठरलंय त्याच्या खळ्यात कोणी फिरकत नाही. तो आपलाच आहे असं धरून गाड्या पुढच्या वाडीत जातात. ज्याचं ठरलेलं नाही त्याच्या ओटीवर मात्र रोज संध्याकाळी वेगळ्या रंगाचं उपरणं येऊन बसतं आणि 'काका, गुडघा कसा आहे?' म्हणून विचारतं. मुंबईतला सख्खा पुतण्या एवढी चौकशी करत नाही. गुडघा दुखत नसला तरी दुखतो म्हणा.

आता टीव्हीवरची उमेदवारांची चर्चा. ती बघाच, फक्त बघून काही ठरणार नाही याची खबरदारी घ्या. वाहिनीवाले शक्यतो किनाऱ्यावर मंडप घालतात, कारण मागे समुद्र दिसला की कोकण झालं. वाऱ्याने माईकमध्ये अर्धं बोलणं घुसमटतं. त्याने फारसं बिघडत नाही.

पहिला प्रश्न मुंबई-गोवा महामार्गाचा येणार. त्यासाठी एक साल पाठ करून ठेवा : २०११. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला तेव्हा सुरुवात झाली. एक उमेदवार म्हणेल, काम तुमच्या सरकारात रखडलं. दुसरा म्हणेल, रखडवलंत तुम्ही, आम्ही निदान खड्डे तरी भरले. गोंधळू नका, दोघांचंही खरं असतं. शिवाय एखादा तिसरा असा असतो की जो तेव्हा त्या बाजूला होता आणि आता ह्या बाजूला आहे. त्याला दोन्हीकडून सारख्याच तडफेने बोलता येतं. मला विचाराल तर सगळ्यांत अभ्यासू तोच. मग निवेदिका विचारते, 'पण रस्ता पूर्ण कधी होणार?' तिघंही एकसुरात सांगतात, 'गणपतीपूर्वी.' सगळे पक्ष मिळून कोकणात झालेलं एवढं एकमत, पण त्याचं कौतुक कोणी करत नाही. कुठल्या सालच्या गणपतीपूर्वी, असं घरात ओरडू नका. टीव्हीला ऐकू जात नाही आणि शेजाऱ्यांना जातं.

मध्येच कोणीतरी निष्ठेवर बोलेल. तेव्हा चहा करायला आत जायला हरकत नाही. २०२२ नंतर शिवसेना दोन झाल्या, २०२३ नंतर राष्ट्रवादी दोन झाल्या. तुम्ही होतात तिथेच आहात, त्याच घरात, त्याच यादीत, त्याच अनुक्रमांकाला. तरी डळमळीत म्हणून नाव तुमचंच. वाईट वाटून घेऊ नका.

रिफायनरीचा विषय निघाला की मात्र चहाचा कप बाजूला ठेवून ऐका. राजापूर तालुक्यातल्या नाणारला रिफायनरीसाठी जमीन घ्यायची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली, पुढे त्याच तालुक्यातल्या बारसूचं नाव आलं, २०२३ च्या एप्रिलमध्ये तिथल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, माती तपासायला माणसं आली आणि पोलीस आले आणि बायका उन्हात आडव्या झाल्या. एवढं सगळं होऊन गेल्यावर उमेदवार काय म्हणतो? 'लोकांना हवी असेल तर आमचा पाठिंबा, नको असेल तर विरोध.' ह्या वाक्यावर टाळ्या वाजवा. सबंध मंडपात तुमच्या मनातलं बोलणारा तोच एक! त्याचंही ठरलेलं नाही. फक्त त्याला खुर्चीत बसवून त्याचं मत विचारतात, आणि तुम्हाला रांगेत उभं करून. त्याच सड्यावर कोरलेल्या जुन्या कातळशिल्पांचा प्रश्न आला तर तो 'ती आपली अस्मिता आहे' म्हणेल आणि पुढच्या जाहिरातीपर्यंत ती सुरक्षित राहतील.

प्रेक्षकांतून प्रश्न घेतात तेव्हा किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याकडे लक्ष ठेवा. तो बोलायला लागला की माईक धरणारा पोरगा अस्वस्थ होतो. म्हातारा विचारतो, 'राती दर्यात ते लायटी कोणाचे असतत?' एलईडी दिवे लावून मासेमारी करायला २०१७ पासून बंदी आहे. त्यामुळे सरळ पाहिलं तर असे दिवे नसतातच. उमेदवार मोठ्या घेरजाळ्यांचे पर्ससीनवाले आणि पारंपरिक मच्छीमार ह्यांच्यात समन्वय साधण्याविषयी बोलतात. समन्वय म्हणजे म्हाताऱ्याने खाली बसायचं. माईक परत घेतला जातो आणि एका तरुणीला 'कोकणच्या पर्यटनाचं भविष्य' ह्यावर बोलायला सांगतात. ती छान बोलते.

चर्चा संपल्यावर कोण जिंकलं हे विचारायला फोन येतील. 'सगळेच बरे बोलले' म्हणा. त्याने दोन्ही उपरण्यांची ये-जा चालू राहते. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास प्रचार बंद असतो. ते दोन दिवस जरा जड जातात. गुडघ्याची चौकशी करायला कोणी येत नाही.

'नोटा'चं बटण २०१३ पासून आहे. ते दाबलं तरी उरलेल्यांत ज्याला जास्त मतं तोच निवडून येतो, तेव्हा रागावून दाबायचं तर खुशाल दाबा, कोणाला लागणार नाही. आणि कुठलंही बटण दाबलंत तरी शेजारच्या यंत्रात चिठ्ठी सात सेकंद दिसते, तेवढ्यात चिन्ह नीट पाहून घ्या. धनुष्यबाण, मशाल, घड्याळ, तुतारी, जे असेल ते. हा माणूस पाच वर्षं ह्याच चिन्हावर राहील ना, हे मात्र केंद्राध्यक्षांना विचारू नका. ते बहुधा कुठल्यातरी शाळेतले गुरुजी असतात आणि पहाटेपासून त्यांना चहा मिळालेला नसतो.