बालीला चाललात ना? मग दारातच थांबा

तिकिटं काढलीत, व्हिसाचं बघितलंत, ते 2024 च्या फेब्रुवारीपासून परदेशी लोकांना 150,000 रुपिया भरावे लागतात तेही ऑनलाइन भरून मोकळे झालात, आता बालीत करण्यासारखं एकच काम उरलं. देवळाच्या दारात उभं राहून फोटो. बाकी बालीत आहे काय, समुद्र आपल्या अलिबागला पण आहे आणि भात कोकणात पण पिकतो. दार मात्र तिथलंच पाहिजे. तर त्याबद्दल अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो, फुकट.

पहिलं म्हणजे पहाटे तीनला उठा. देऊळ लेंपुयांगचं, बेटाच्या पार पूर्वेला करंगासेममध्ये, आणि तुम्ही उतरलेले असणार कुटाला नाहीतर सेमिन्याकला, म्हणजे अंधारात गाडीच्या काचेवर डोकं आपटत दोन-अडीच तास. मग सारोंग, म्हणजे त्यांची लुंगी, गुंडाळा, नंबर घ्या आणि बसा. आमचा नंबर यायला तीन तास लागले. पंढरपूरच्या दर्शनबारीचं नाव काढलं की ज्यांचे गुडघे दुखायला लागतात ती मंडळी इथे मांडी घालून, खाकऱ्याचं पाकीट फोडून निवांत बसलेली असतात, त्यामुळे करमत नाही असं होत नाही.

बसल्या बसल्या समोरच्या दाराकडे बघू नका, उगाच प्रश्न पडतात. त्याला चंडी बेंतार म्हणतात. देवळाचं शिखर घ्या, कलिंगड कापावं तसं मधोमध उभं कापा आणि दोन्ही फोडी जरा बाजूला सरकवा, झालं दार. वर छप्पर नाही, चौकट नाही, दारं नाहीत. बाहेरच्या अंगाला पायऱ्यापायऱ्यांची नक्षी आणि जिथून कापलंय ती आतली बाजू मात्र सपाट, रंधा मारल्यासारखी. मी हात लावून बघितला तर माझ्या मागच्या काकांना वाटलं मी नंबर तोडतोय.

तिकडचे लोक म्हणतात की हा मेरू पर्वतच दुभंगलाय. पशुपतीने महामेरूचे दोन तुकडे करून बालीत आणून ठेवले, एक झाला आगुंग डोंगर आणि दुसरा बातुर, अशी गोष्ट आहे. दार म्हणजे तेच दोन तुकडे, आणि मधून चालणारा माणूस दोन बाजूंच्या मधला. दिवस-रात्र, चांगलं-वाईट, पुरुष-स्त्री, ह्या जोड्यांना ते र्वा भिनेदा म्हणतात (रव्याशी काही संबंध नाही, माझ्या बहिणीने तिथेच विचारलं). दोन्ही बाजू सारख्या, एकीवाचून दुसरीला अर्थ नाही, आणि वाईट हेतूने कोणी आत शिरला तर दोन्ही अर्धे मिटून त्याला चिरडतील असंही सांगतात. आमच्या रांगेत कोणी चिरडलं गेलं नाही, म्हणजे सगळ्यांचे हेतू शुद्धच असणार.

आता मुख्य टीप. लेंपुयांगचा तो प्रसिद्ध फोटो आहे ना, दोन काळे कळस, मध्ये तुम्ही आणि मागे तीन हजार मीटरच्या वरचा आगुंग ज्वालामुखी, तो देवळाच्या आतून बाहेर बघत काढलेला असतो. नीट समजून घ्या. चंडी बेंतार म्हणजे बाहेरचं जग संपून देवळाचं पहिलं आवार जिथे सुरू होतं ती वेस. फोटोवाला बसलेला असतो आवारात, त्याच्या पाठीमागे खरं देऊळ, आणि त्याच्या समोर तुम्ही, दाराच्या मधोमध, मागे बाहेरचं जग. ‘स्वर्गाचं दार’ म्हणून जे स्टेटसला टाकता ते तांत्रिकदृष्ट्या एक्झिट आहे. पण हे कॅप्शनमध्ये लिहू नका, लाइक कमी होतात.

आणि हो, तळं शोधू नका. माझ्यापुढे सांगलीचं एक जोडपं होतं, काका सारखे मान वर करून बघत होते, शेवटी न राहवून काकूंना म्हणाले, “अगं पण पाणी कुठाय?” काकू शांतपणे म्हणाल्या, “ते फोटोत येतं.” बरोबर आहे. स्टुलावर बसलेला मुलगा तुमच्याच फोनच्या भिंगाखाली एक छोटा आरसा आडवा धरतो आणि फरशीचं सरोवर होतं. 2019 साली एका पत्रकार बाईंनी हे जगाला सांगितलं, तेव्हा थोडी हळहळ झाली आणि रांग काही कमी झाली नाही. दोष आरशाला देऊ नये, दोन सारखे अर्धे हीच त्या दाराची मूळ कल्पना, पोराने फक्त आडवे अर्धे केले.

मागे वळून मात्र अजिबात बघू नका. कारण मागे तीन लांबच लांब पांढरे जिने आहेत, कठड्यांवर नाग उतरलेले, आणि वर तीन छपरावाली दारं. ती दुसऱ्या जातीची. देवळाची आवारं तीन, बाहेरचं, मधलं आणि सगळ्यात आतलं पवित्र, आणि जसजसे आत तसतसं दार बदलतं. बाहेर उघडं दुभंगलेलं, आत बंद होणारं. त्याला कोरी आगुंग म्हणतात, मधला दरवाजा बऱ्याच देवळांत फक्त उत्सवात उघडतो, देवांसाठी, माणसांनी एरवी बाजूच्या छोट्या दाराने जायचं. आणि त्याच डोंगरावर 1700 पायऱ्या चढून गेलं की सगळ्यात वरचं देऊळ, लेंपुयांग लुहुर. तुम्ही खाली ज्या आवारात चेकआउट करताय तिथून देऊळ सुरू होतं हो! पण 1700 पायऱ्या म्हणजे, सोडून द्या.

एखाद्या कोरी आगुंगच्या खाली गेलातच चुकून, तर दाराच्या वर एक राक्षसाचं तोंड दिसेल, डोळे बटाट्याएवढे, सुळे, दोन्ही पंजे पसरलेले. हा भोमा. विष्णूचा आणि पृथ्वीचा मुलगा. ओळखलंत? आपला भौमासुर, म्हणजेच नरकासुर. आपण नरकचतुर्दशीला पहाटे त्याच्या नावाने अंगठ्याखाली कारीट फोडतो, गोव्यात त्याचे दोन मजली पुतळे करून जाळतात, आणि ह्या लोकांनी त्याला देवाच्या दारावर वॉचमन ठेवलाय. वाईट घालवायला वाईटच बसवायचा, जमिनीचा मुलगा आहे तर जमीन राखेल. मला हे इतकं आवडलं की मी तिथे दहा मिनिटं मान वर करून उभा होतो. फोटो नाही आला नीट, वरचा भाग अंधारात जातो. म्हणून तुम्ही नका थांबू.

उबुदकडे होमस्टेत राहिलात तर एक त्रास होईल, आधीच सांगून ठेवतो. घराचं फाटक, त्याला आंगकुल-आंगकुल म्हणतात, इतकं अरुंद असतं की दोन मोठ्या बॅगा घेऊन तुम्ही अडकता. अडकून सुटलात की समोर भिंत. तिला आलिंग-आलिंग म्हणायचं. भुतंखेतं सरळ रेषेत चालतात, त्यांना वळता येत नाही, म्हणून दारात शिरल्या शिरल्या भिंत घातलेली, माणसाने डावी-उजवीकडे वळून आत जायचं. आपल्याकडे दारासमोर अशी भिंत दिसली तर वास्तुवाला पैसे घेऊन पाडायला लावेल. पण रायगडाचा महादरवाजा आठवा, दोन बुरुजांच्या पोटात लपवलेला, समोरून दिसतच नाही, वळल्याशिवाय आत जाता येत नाही. महाराजांनी हत्तीसाठी केलं, ह्यांनी भुतासाठी. आमच्या ग्रुपमधला एक जण चाकाची बॅग ओढत सरळ त्या भिंतीवर गेला, त्याच्याबद्दल मी काही बोलत नाही.

उंबऱ्यावर सकाळी नारळाच्या पानाची चिमुकली टोपली असेल, फुलं, भाताची चार शितं, पेटती उदबत्ती. आमच्या मालकीणबाई ती ठेवताना तीन बोटांनी धूर दाराकडे ढकलत होत्या, कुणाला तरी हळूच “ये” म्हणावं तसं. तुम्ही त्यावरून बॅगेचं चाक न्या. त्या काही बोलत नाहीत, दुसरी आणून ठेवतात.

आणि परत आल्यावर कर्जतच्या फार्महाऊसला असंच दार बसवायचंच, फायबरचं रेडिमेड मिळतं, खाली लाइट सोडतात. तिकडचा गवंडी-स्थपती, उंडागी, जुन्या ताडपत्रांतल्या नियमाने घराची मापं मालकाच्या अंगावरून काढतो. हस्त, मुष्टी, दोन्ही हात पसरले की होणारं अंतर. शब्दसुद्धा आपलेच. घर म्हणजे मालकाच्या मापाचा शर्ट. तुमचं फायबरचं कुणाच्या मापाचं ते कॉन्ट्रॅक्टरला विचारू नका, त्याच साच्यातून एक त्याने कालच हायवेच्या ढाब्याला दिलंय. असली दारं मूळची बालीपुरती तरी कुठे होती म्हणा, पूर्व जावात त्रोवुलानला मजापाहित ह्या जुन्या राज्याच्या काळातलं विटांचं असंच एक उभं आहे, पंधराएक मीटर उंच, आणि जावातल्याच कुदुसच्या जुन्या मशिदीच्या आवारात पण आहे. प्रवास तर चालूच होता. आता ढाब्यापर्यंत आला, एवढंच.

असो, नंबर आला तुमचा. पळा. पहिली पोज हात जोडून, त्यात डोंगराकडे पाठ, दुसरी डोंगराकडे तोंड करून, त्यात देवाकडे पाठ, तिसरी उडी, सारोंग सांभाळून. सांगलीचे काका उडी मारायला वाकले आणि नेमका तेव्हाच ढग खाली आला, आगुंग गेला, मागे नुसतं पांढरं. काका वाकलेलेच. काकू म्हणाल्या, “थांबा हो जरा, येईल परत.” स्टुलावरच्या पोराने आरसा टी-शर्टला पुसला आणि पुढचा नंबर पुकारला.