त्रुटी पूर्ततेसाठी परत

कचेरीत छाननीच्या टेबलावर माझी एकतीस वर्षं गेली. तारीख राहिली, परत. सही रकान्याबाहेर गेली, परत. 'त्रुटी पूर्ततेसाठी परत' हा शिक्का मारून मारून इतका झिजला की शेवटी कागदावर नुसतं 'टी' उठायचं, आणि अर्जदार मुकाट्याने चहा सांगायचे.

निवृत्तीनंतर सी ही संगणकाचे प्रोग्राम लिहायची भाषा शिकायची हुक्की आली. भाची इंजिनिअरिंगला. म्हणाली, "मामा, सहा ओळींचा प्रोग्राम आहे. दहा मिनिटांत होईल तुझा."

जुन्या सवयीने मसुदा आधी वर्डमध्ये टाइप केला, मग नोटपॅडात उतरवला. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत जीसीसीला, म्हणजे प्रोग्राम तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरला, हुकूम सोडला. उत्तर आलं, अशी फाइलच नाही. अहो, समोर दिसतेय! साठवताना मी प्रकार बदलला नव्हता, त्यामुळे नावामागे डॉट टीएक्सटी असं न दिसणारं शेपूट लागलं होतं. ते कापलं.

मग त्रुटींचा पाऊस. वर्डमध्ये अवतरणचिन्हं आपोआप बाकदार होतात, सीला ती सरळ उभी लागतात. एकेक बाकदार चिन्ह तीन बाइटांचं आणि दर बाइटला वेगळी हरकत. दोन चिन्हांच्या सहा. इतका चोख छाननीवाला आमच्या कचेरीत मी सोडून दुसरा नव्हता.

चिन्हं सरळ केली, तर पाचव्या ओळीत चूक. तिथे 'रिटर्न शून्य' एवढंच. ती ओळ मी तीनदा पुसून पुन्हा लिहिली, काना-मात्रा तपासावी तशी बोट ठेवून वाचली. अर्धविराम राहिला होता चौथ्या ओळीच्या शेवटी! कंपायलर बिचारा त्याची वाट बघत पुढच्या ओळीपर्यंत गेला आणि तिथे 'रिटर्न'ला धडकला.

अर्धविराम दिला. कंपायलर गप्प. सहा वेळा हुकूम दिला, सहाही वेळा चकार शब्द नाही. भाचीला फोन केला. "अरे मामा, गप्प बसला म्हणजे पास!" मंजुरीचं पत्रसुद्धा नाही? तयार झालेल्या ए डॉट ईएक्सईवर डबलक्लिक केलं, तर काळी खिडकी उघडली आणि वाचायच्या आत मिटली. शेवटी तिनेच सांगितलं, काळ्या खिडकीत नुसतं 'ए' टाइप कर.

'हॅलो' उमटलं! त्या भरात मी प्रोग्राममध्ये 'हॅलो'च्या जागी 'नमस्कार' घातलं. पडद्यावर एकवीस चिन्हांची माळ आली: आधी ग्रीक अल्फा, मग डोक्यावर नागमोडी रेघ घेतलेला एन, मग चक्क उलटं प्रश्नचिन्ह.

"कोडपेज, म्हणजे खिडकीचा अक्षरतक्ता, बदल मामा. हुकूम सीएचसीपी ६५००१," भाची म्हणाली.

वहीत टिपून घेतलं. घड्याळात एक वाजून पाच मिनिटं झाली होती. आमची खिडकी एकला बंद होते. लॅपटॉप मिटला आणि जेवायला बसलो.