अ‍ॅनोरेक्सिया रॅम्पवर जन्मलेला नाही

सध्या एक मजकूर हातोहात पुढे पाठवला जात आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे जिवाला धोका होईपर्यंत स्वतःला उपाशी ठेवण्याचा मानसिक विकार, हा फॅशन उद्योगाने निर्माण केलेला अलीकडचा आजार आहे, काटकुळ्या मॉडेलची छायाचित्रे पाहून मुली जेवण सोडतात, हे खूळ मुलींपुरतेच आहे, अशा मॉडेलवर बंदी आणली की प्रश्न सुटेल, आणि तोवर ‘मुलींनो, आरसा बाजूला ठेवा आणि पोटभर जेवा’. फॅशन उद्योगावरचा हा राग मला समजतो आणि त्यातला बराचसा रास्तही वाटतो. माझी तक्रार आहे ती या रागाच्या भरात रुग्णाचे जे चित्र उभे राहते त्याविषयी. एका जीवघेण्या आजाराशी झुंजणारी व्यक्ती इथे दुसऱ्याचे पाहून नटायला निघालेली, थोडी उथळ आणि बरीच हट्टी मुलगी होऊन जाते. म्हणून या मजकुरातील एकेक विधान तपासून पाहतो.

आजार अलीकडचा आहे, हे विधान इतिहासापुढे टिकत नाही. ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी १८७३-७४ च्या सुमारास रूढ केले आणि त्याच काळात पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनी अशाच रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. छायाचित्रांनी भरलेली फॅशनची मासिके तेव्हा निघतच नव्हती. त्याच्याही जवळजवळ दोन शतके आधी, १६८९ मध्ये, रिचर्ड मॉर्टन या इंग्रज डॉक्टरने अंग झिजवणाऱ्या रोगांवरील आपल्या ग्रंथात १८ वर्षांच्या एका मुलीची हकीकत नोंदवली आहे. तिला ताप नव्हता, खोकला नव्हता, धापही लागत नव्हती. तरी ती खंगत चालली होती आणि मॉर्टनला ती कातडी पांघरलेल्या हाडांच्या सापळ्यासारखी दिसली. रात्ररात्र ती पुस्तकांत डोके घालून बसे, असे तो लिहितो. थोड्याच दिवसांत ती औषधांना कंटाळली, आपल्याला आपल्या प्रकृतीवर सोडून द्या म्हणाली, आणि तीन महिन्यांत मूर्च्छा येऊन मरण पावली. या हकिकतीत पुस्तके आहेत, चिंता आहेत, दुःख आहे. सुंदर दिसण्याचा ध्यास मात्र कुठे नाही. तीन शतकांपूर्वीच्या रुग्णाचे आज निदान करणे धोक्याचे असते हे खरे, पण ज्या आजाराचा बाप म्हणून फॅशन उद्योगाकडे बोट दाखवले जाते, तो त्या उद्योगाहून वयाने बराच मोठा दिसतो.

याहून बोलके उदाहरण हाँगकाँगचे आहे. तेथील मनोविकारतज्ज्ञ सिंग ली यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पाहिलेल्या अनेक रुग्णांना लठ्ठ होण्याची भीतीच नव्हती. पोट फुगल्यासारखे वाटते, भूकच लागत नाही, अशी कारणे ते सांगत. पुढच्या वर्षांत तिथल्या रुग्णांच्या तोंडीही ‘मला जाड व्हायचे नाही’ हे वाक्य अधिकाधिक येऊ लागले. उपासमार तीच राहिली, तिचे कारण सांगण्याची भाषा बदलली. फॅशनचा वाटा मला इथे दिसतो. ती या आजाराला बोलायला शब्द पुरवते, आणि त्याहून घातक म्हणजे त्याला प्रतिष्ठा देते. वजन उतरू लागले की सुरुवातीला सगळीकडून कौतुकच होते, आणि ज्याचे कौतुक होते त्याला आजार म्हणून ओळखायला घरच्यांना वेळ लागतो.

‘छायाचित्रे पाहून मुली जेवण सोडतात’ या विधानात अर्धे सत्य आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. फिजीच्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टेलिव्हिजन पोहोचले, तेव्हा संशोधक अ‍ॅन बेकर यांनी तेथील शाळकरी मुलींची पाहणी केली आणि तीन वर्षांनी तशीच पाहणी पुन्हा केली. खाण्याच्या विकारांकडे झुकणारी उत्तरे देणाऱ्या मुलींचे प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले होते, आणि वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी पहिल्या पाहणीत नव्हती, तिथे दुसऱ्या पाहणीत ११.३ टक्के मुलींनी तसे सांगितले. हे आकडे कुणालाही अस्वस्थ करतील. मात्र त्यांत मोजली गेली ती लक्षणे आणि कल. अ‍ॅनोरेक्सियाचे निदान झालेले रुग्ण त्यांत मोजलेले नाहीत. शिवाय या मुलींसमोर आदर्श होता तो टीव्ही मालिकांतील पात्रांचा, त्यामुळे सगळे खापर रॅम्पवर फोडता येत नाही.

२००१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला या वादात सर्वांत उपयोगी वाटतो. त्यात २१९ किशोरवयीन मुलींचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले गेले आणि एका गटाच्या घरी १५ महिने फॅशनचे मासिक येत राहिले. सगळ्या मुलींचा एकत्र विचार केला, तर मासिकाचा म्हणावा असा टिकाऊ परिणाम आढळला नाही. परंतु ज्या मुली आधीच स्वतःच्या शरीरावर नाराज होत्या किंवा ज्यांना जवळच्या माणसांचा आधार कमी होता, त्यांच्यावर तो आढळला. म्हणजे तेच पान एकीच्या हातून सहज उलटले जाते आणि दुसरीच्या मनात रुतून बसते. असे का होते याचे उत्तर मासिकात सापडणार नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून या आजारात आनुवंशिकतेचा वाटा निम्म्याच्या आसपास असल्याचे वारंवार दिसले आहे. २०१९ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात जवळजवळ १७,००० रुग्णांची जनुकीय माहिती तपासली गेली; तीत या आजाराशी निगडित अशा गुणसूत्रांवरील ८ जागा आढळल्या, आणि त्यांचा संबंध इतर मानसिक विकारांइतकाच शरीराच्या चयापचयाशीही दिसून आला. देहप्रतिमेविषयीचे असमाधान घरोघरी आहे, अ‍ॅनोरेक्सिया तसा विरळा आहे. ही दोन्ही एकाच मापाने मोजली की पहिल्याची चिंता वायफळ ठरते आणि दुसऱ्याचे गांभीर्य जाते.

मुलींपुरतेच खूळ? मॉर्टनच्या ग्रंथातील दुसरा रुग्ण १६ वर्षांचा मुलगा होता. मुलींत प्रमाण बरेच जास्त आहे यात शंका नाही, पण ‘मुलींचा आजार’ या शिक्क्यामुळे मुलांचे निदान उशिरा होते, आणि आधी अंगाने भरलेल्या व्यक्तीचे वजन झपाट्याने धोक्याच्या पातळीपर्यंत घसरले तरी ती हाडकुळी दिसत नाही म्हणून तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

बंदीचा मुद्दा जरा सविस्तर पाहिला पाहिजे, कारण इथे फॅशन उद्योग खरोखरच आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये उरुग्वेची मॉडेल लुइसेल रामोस फॅशन शो सुरू असतानाच कोसळून मरण पावली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्राझीलची आना कारोलिना रेस्तोन गेली. रामोस २२ वर्षांची होती, रेस्तोन २१ वर्षांची. माद्रिदच्या फॅशन वीकने त्या सप्टेंबरमध्ये १८ पेक्षा कमी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) असलेल्या मॉडेलना मज्जाव केला, पुढे इस्रायल आणि फ्रान्सने कायदे केले. या व्यवसायाची रीतच अशी की हंगामापूर्वी नमुन्याचे कपडे एकाच बारीक मापात शिवले जातात आणि मग त्या मापात बसणारे शरीर शोधले जाते. कापड माणसाच्या मापाने बेतण्याऐवजी माणूसच कापडाच्या मापाने निवडला जातो. हा शोध कोणत्या थराला जातो ते २०१३ मध्ये स्टॉकहोममध्ये दिसले. खाण्याच्या विकारांवर उपचार करणाऱ्या तेथील मोठ्या केंद्राच्या बाहेर मॉडेलिंग एजन्सीची माणसे मुलींना गाठू लागली. त्यांनी गाठलेली एक मुलगी तर इतकी अशक्त होती की ती चाकांच्या खुर्चीत होती. यावर कायदा हवाच.

मात्र तो कायदा कशासाठी हवा, याबाबत गल्लत नको. तो कामगार संरक्षणाचा कायदा आहे. रॅम्पवर चालणाऱ्या मुलीचा जीव वाचवणे हे त्याचे काम, आणि तेवढे पुरेसे मोठे आहे. घरात बसलेल्या रुग्णावर त्याने उपचार होईल, ही अपेक्षा गैर आहे. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून, मॉडेलची अंगकाठी संगणकावर बदलली असेल तर जाहिरातीत तसा उल्लेख करणे सक्तीचे झाले. हेतू चांगला होता, पण अशा सूचनांवर झालेल्या प्रयोगांत सूचना वाचूनही पाहणारी व्यक्ती स्वतःची तुलना करायची थांबत नाही, असेच बहुतेक वेळा आढळले. बीएमआयचा आकडाही दुधारी आहे. काही जण जन्मतःच किडकिडीत आणि ठणठणीत असतात, तर काही जण ‘योग्य’ आकड्यावर असूनही गंभीर आजारी असतात.

उरला तो आरसा बाजूला ठेवून पोटभर जेवण्याचा सल्ला. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. बारीक होण्याची हौस त्यांच्यापैकी कुणालाही नव्हती. वजन चौथाईने उतरेपर्यंत ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले होते, ताटातल्या एकेका घासाचे बारीक तुकडे करून तासन्‌तास चघळत बसत होते, चिडचिडे आणि उदास झाले होते. उपासमार स्वतःच मनाचा ताबा घेते, आणि ‘मनावर घे’ असे आपण सांगतो ते त्याच मनाला. अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांचे मृत्यूचे प्रमाण समवयस्कांच्या जवळजवळ सहापट असल्याचे आणि त्यांतील दर पाच मृत्यूंपैकी सुमारे एक आत्महत्येने होत असल्याचे २०११ च्या एका एकत्रित विश्लेषणात दिसले. त्यामुळेच लंडनच्या मॉड्सले रुग्णालयात विकसित झालेल्या उपचारपद्धतीत किशोरवयीन रुग्णाच्या जेवणाची जबाबदारी काही काळ आईवडिलांकडे दिली जाते. सगळा भार त्या मुलीच्या निश्चयावर टाकला जात नाही.

आणि दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेले, तर रक्तातील फॉस्फेटची पातळी झपाट्याने घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणूनच अतिशय खंगलेल्या रुग्णाला रुग्णालयात ठेवून, वारंवार रक्त तपासत, त्याचा आहार बेताबेताने वाढवावा लागतो.