दुपट्ट्याखालचे अकरा लाख

गेल्या रविवारपासून आमच्या चौकात मी सौदा मोडणारा माणूस झालो आहे. ज्या तर्री-पोहेवाल्याकडे माझी उधारी वर्षानुवर्षं निमूट चालायची, तो काल म्हणाला, "भाऊ, आधी पैसे द्या. तुमची जबान फिरते म्हणे." मी पैसे दिले. दुसऱ्यांदा तर्री मागायची हिंमत झाली नाही.

प्रकरण गाडीचं आहे. नागपूरच्या धंतोलीतल्या एका जुन्या बंगल्यात १९६५ ची ट्रायम्फ स्पिटफायर ही विलायती गाडी विकायला निघाली होती. दोन सीटा, डोक्यावर कापडी छत, लांबलचक नाक, लाल रंग. मालकांचा भाव १४ लाख. ही गाडी मला कॉलेजात असल्यापासून हवी होती, म्हणजे ती मला शोभली असती त्या वयापासून. आता गुडघे बोलतात आणि ती गाडी इतकी बुटकी की तिच्यात बसावं लागत नाही, विहिरीत उतरल्यासारखं उतरावं लागतं. तरीही तीन आठवडे रात्री कूलरसमोर बसून मी तिचा वाजवी भाव काढत होतो.

वाजवी भाव हा शब्द ज्यानं काढला त्यानं जुनी गाडी कधी घेतली नसावी. मी आधी विम्याचा तक्ता पाहिला. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, असं करत पाचव्या वर्षापर्यंत ५०, आणि तिथं तक्ता संपतो. त्यापुढे विमा कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवावं. म्हणजे या गाडीच्या बाबतीत पंचावन्न वर्षांचं आपसात. मग इंग्लंडचा हिशोब पाहिला. १९६२ ते १९८० या काळात कॉव्हेंट्रीत अशा तीन लाखांवर गाड्या बनल्या. तिकडे ही हौशी पण खिसा हलका असलेल्या माणसाची स्पोर्ट्‌स कार. मालक म्हणाले, "तिकडचं सोडा, अख्ख्या विदर्भात दुसरी दाखवा." दुर्मीळ आहे हे कबूल. उन्हाळ्यात आमच्या तिसऱ्या मजल्यावर चढणारं नळाचं पाणीही दुर्मीळ आहे. त्यापायी टँकरवाल्याला महिन्याला किती द्यावे लागतात आणि तो किती वाजता येतो, यावर वेगळा लेख होईल, आणि तो विनोदी नसेल.

तर रविवारी सकाळी अकराला, चव्वेचाळीस डिग्रीत, टॉर्च, फ्रिजवरचं संत्र्याच्या आकाराचं लोहचुंबक आणि रकाने आखलेला कागद घेऊन मी पोचलो. व्हरांड्यात खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा, तोंडात खर्रा. मालकांची काटोलकडे शेती आहे आणि हे तिकडचे बैलबाजारातले दलाल. एका जोडीचं बोलणं करायला आले होते. मालक आत सरबत सांगायला गेले, आणि दलालकाका उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"काय पाहून राहिले, भाऊ?"

"गंज."

"मंग चुंबक काहून लावता? हात लावा ना."

मी त्यांना नीट समजावलं. लोहचुंबक पत्र्याला चिकटतं, गंजलेल्या जागी भरलेल्या पुट्टीला चिकटत नाही. दाराला संत्रं टच्चकन बसलं. दाराखालच्या पट्टीला लावलं तर खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. स्पिटफायरमध्ये ही खालची पट्टी शोभेची नसते, गाडीची निम्मी ताकद तिच्यात असते. ती कुजली की गाडी मधून वाकते आणि आत माणूस बसला की दार लागत नाही. मी आत उतरलो. दार लागलं नाही. दलालकाकांनी संत्रं उचललं, दुपट्ट्यानं पुसलं आणि म्हणाले, "पाठीत बसली हाये. वझं नाही वढत आता."

तीन आठवडे वाचून मी जे म्हणणार होतो, ते हेच. फक्त मी त्याला इंग्रजी शब्द वापरणार होतो.

मालक बाहेर आले आणि त्यांनी बॉनेट उघडलं. या गाडीचं बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या अंगाला कलंडतं, अख्खा जबडा उघडावा तसं. दलालकाकांना हे फार आवडलं. ते वाकून आत पाहू लागले. "दात कुठं हायत?"

"दात नसतात, काका."

"मंग वय कसं काढता? आदत हाये, चारदाती हाये, का जुळली हाये?"

"कागदावर असतं वय."

"कागद तं मालकच लिवते ना," ते म्हणाले, आणि माझ्या तीन आठवड्यांच्या अभ्यासाचा पाया हलला.

मी इंजिनाकडे वळलो. एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर असायला हवे होते, तिथे सोलेक्स कंपनीचा एकटाच. म्हणजे हे इंजिन स्पिटफायरचं नव्हे, स्टँडर्ड हेराल्डचं. हेराल्ड आपल्याकडे १९६१ पासून मद्रासला बनायची, आणि स्पिटफायर तिच्याच चॅसीवरून निघालेली. दोघींचा आराखडा मिकेलोत्ती या एकाच इटालियन माणसाचा. मालक म्हणाले, "घरातलंच आहे हो, बहिणीचं इंजिन आहे." पण पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची, तर गाडी मूळ रूपात हवी असा २०२१ पासूनचा नियम आहे. आणि नोंदणी झाली तरी गाडी फक्त रॅलीला किंवा प्रदर्शनाला न्यायची. रोज भाजी आणायला नाही. म्हणजे १४ लाख देऊन मी गाडीचा चौकीदार होणार. आरसीवर मालकांच्या आजोबांचं नाव होतं. वारस पाच, सह्या तीन.

"आणि पुढच्या चाकाच्या ट्रनियनला ग्रीस भरता की तेल?" मी विचारलं. ट्रनियन म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं तो सांधा. तिथे गिअरचंच तेल घालावं लागतं; वंगणाकडे दुर्लक्ष झालं तर तो तुकडा मोडतो आणि चाक आडवं पडतं. या प्रश्नावर मालक गार पडतील अशी माझी खात्री होती.

"ते ड्रायव्हर पाहायचा," मालक म्हणाले.

"पत्री कवा मारली होती, ते इचारून राहिले ते," दलालकाकांनी बैलाच्या नालांच्या भाषेत मदत केली. "अन् चालवून दाखवा ना, मालक. बसल्या बैलाले भाव नाही रायत, दया रायते."

गाडी चालू होत नव्हती. बॅटरी उतरली आहे, म्हणे. मालकांनी शेवटचा पत्ता काढला: "पण हवा बघा! मुंबईची गाडी असती तर चाळणी झाली असती. नागपूरच्या कोरड्या हवेत राहिली आहे. दोन लाख तर त्याचेच." ज्या उन्हानं पन्नास वर्षं आमची टाळकी भाजली, डॅशबोर्डचं आवरण तडकवलं आणि काचेभोवतीचं रबर कुरडईसारखं केलं, त्या उन्हाचे हा माणूस माझ्याकडून दोन लाख मागत होता.

मी सावलीत जाऊन कागद भरला. चांगल्या चालत्या गाडीचे ९ लाख धरले. खालच्या पट्ट्या आणि चॅसीचे १ लाख २० हजार वजा. इंजिन परकं, १ लाख. छत आणि रबर ५० हजार, टायर आणि ब्रेक ४०, कागदपत्रांचे हेलपाटे ३०. उरले ५ लाख ६० हजार. आकडा पाहून मला भरून आलं. इतका न्याय्य आकडा मी आयुष्यात काढला नव्हता.

आता तो तोंडानं सांगायचा, तर मला लाज वाटायला लागली. समोरचा १४ म्हणतो आणि आपण साडेपाच कसं म्हणावं? हे दलालकाकांनी ओळखलं. "तोंडानं काहून बोलता? आणा हात," म्हणत त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, माझ्या उजव्या हातावर टाकला आणि आपला हात आत घातला.

बैलबाजारात असं बोलतात हे मी ऐकून होतो. धरलं एक बोट की एक, अख्खा पंजा की पाच. हजार की लाख ते आधीच ठरलेलं. पण ऐकणं वेगळं आणि चव्वेचाळीस डिग्रीत परक्या माणसाचा घामट, खरखरीत हात दुपट्ट्याखालून आपल्या हातावर फिरणं वेगळं. मला लहानपणापासून तळहाताला गुदगुल्या होतात. मी दचकून त्यांचा पंजा घट्ट धरला. सुटायचं म्हणून सोडला, त्यांनी परत बोटं हलवली, मी परत धरला. मग पुरे झालं असं सांगायला त्यांचं अंगठ्याजवळचं बोट पकडून बाजूला केलं.

दलालकाकांनी दुपट्टा झटकला. "मालक, अकरा बोलले!"

पाच, पाच आणि एक.

मालकांनी माझा हात हातात घेतला. आतून सरबत आलं, त्यामागून संत्रा बर्फीही आली. बंगल्याच्या फाटकाशी उभे असलेले दोन पोट्टे आणि इस्त्रीवाला हे सगळं पाहत होते, आणि आमच्या चौकात बातमी पोचायला तेवढे पुरेसे होते. मी "नाही हो, गुदगुल्या झाल्या" असं म्हणालो, तेव्हा जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही. मालक सुशिक्षित गृहस्थ. ते एवढंच म्हणाले, "असं करू नये माणसानं." बर्फीची बशी आत गेली. मी एकच तुकडा घेतला होता, आणि तो तोंडात होता.

वर दलालकाकांनी दलाली मागितली. सौदा झाला आणि गिऱ्हाइकानं मोडला तर दलाली गिऱ्हाइकाच्या अंगावर, असा बाजाराचा कायदा म्हणे. हा कायदा कुठे लिहिला आहे, हे विचारायला हवं होतं. विचारलं नाही. ५०० रुपये दिले. याचा राग मला अजून आहे, आणि लेख लिहूनही तो गेलेला नाही.

निघालो तर काका माझ्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसलेले. काटोलची बस धरायची होती. गणेशपेठेपर्यंत त्यांचा दुपट्टा उडून उडून माझ्या तोंडावर येत होता. सिग्नलला मी न राहवून विचारलं, "काका, खरं सांगा. त्या गाडीचे किती द्यायचे?"

"साडेपाच. वर एक पैसा नाही."

"मग अकरा काहून बोलले?"

"म्या कुठं बोललो? तुमीच दाबले."

थोडा वेळ मी गप्प बसलो. मग कागदाची इज्जत राखावी म्हणून म्हणालो, "माझा हिशोब ५ लाख ६० आला होता."

"बॅटरी कोण टाकन?"

कागदावर अकरा रकाने होते. त्यात बॅटरीचा नव्हता.

बसस्टँडला उतरल्यावर काका लगेच गेले नाहीत. स्कूटरभोवती एक चक्कर मारली, सीट दाबून पाहिली, मागचा टायर अंगठ्यानं चाचपला. "हे किती दाती हाये?" म्हणत त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला.

मी दोन्ही हात खिशात घातले.