गावात जाऊन येऊ

नाशिकचा माणूस नाशकातच राहून ‘गावात जाऊन येतो’ म्हणतो. आम्ही इंदिरानगरचे, म्हणजे गावाबाहेरचे. गाव म्हणजे रविवार कारंजा, मेनरोड, भद्रकाली, सराफ बाजार.

“तांब्याचा हंडा घ्यायचाय. दहा मिनिटांचं काम,” आत्या म्हणाली. त्यातली पंचवीस स्कूटर लावायला जागा शोधण्यातच गेली. एका दुकानदाराने दारासमोर पाण्याचा रिकामा ड्रम ठेवून जागा धरली होती. त्या ड्रमचा मला मनापासून हेवा वाटला.

मेनरोडवर चालताना गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती आठवतो. आम्ही नाशिककर पूर मोजतो तो त्याच्यावरून: पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, आता सराफ बाजारात शिरणार. पण दोन तोंडांचा खरा उपयोग मेनरोडवर आहे. समोरून हातगाडी येते आणि मागून रिक्षा. माणसाला देवाने एकच तोंड दिलंय, तेही सॉरी म्हणण्यात खर्च होतं.

भांडी बाजारात आत्याने अकरा हंडे वाजवून पाहिले. बोटाच्या पेराने टण्‌ करायचं, कान लावायचा, मान हलवायची. बाराव्याची मठार, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची नक्षी, तिला पटली. दुकानदाराने तो काट्यावर ठेवला, आत्याने काट्याखाली वाकून पाहिलं. दोघांनाही त्यात काही गैर वाटलं नाही.

1739 मध्ये वसई जिंकल्यावर मराठ्यांनी पोर्तुगीजांची घंटा आणली. तीच इथे गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर टांगली आहे. लहानपणापासून मी हे कौतुकाने ऐकतोय. पण एवढी मोठी घंटा आणणारी माणसं स्कूटरवर नव्हती, आणि मागे बसून “गचके नको देऊस, पोचा पडेल” म्हणणारी आत्याही त्यांच्याबरोबर नव्हती. हंडा माझ्या पायांत, गुडघे दोन दिशांना. ब्रेक हंड्याच्या पलीकडे.

रविवार कारंजावर गर्दीत अडकलो. शेजारच्या मोटरसायकलवरच्या काकांनी हंडा न्याहाळला.

“केवढ्याला पडला?”

आत्याने अभिमानाने आकडा सांगितला. काकांनी चुक्‌ असा आवाज केला.

“मागच्या गल्लीत दोनशे कमी घेतात, ताई.”

पुढची गर्दी तेवढ्यात सुटली. मागून हॉर्न सुरू झाले. आत्याने माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकवली.

“वळव.”